कादरी मॅडम आणि गेटबाहेरची बस

मागून गाडीचा हॉर्न वाजला की तुम्ही बाजूला का होता? नीट आठवून सांगा. गाडीत कोण बसलंय हे तुम्हाला माहीत नसतं. त्याचं काम तुमच्या कामापेक्षा मोठं आहे याचा पुरावा कुणी दिलेला नसतो. तरीही पाय आपोआप कडेच्या मातीत उतरतात, आणि वर आपणच ओशाळल्यासारखा चेहरा करतो.

कादरी मॅडमचे पाय उतरत नसत. हॉर्न वाजला की त्या रस्त्याच्या मधोमध थांबत. चष्मा काढत, पदरानं पुसत, पुन्हा डोळ्यांवर चढवत आणि मगच मागं वळून बघत. एकदा मागं कुलगुरूंची गाडी होती. ड्रायव्हर खाली उतरला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, साहेब बसलेत आत."

"असं का? मला वाटलं गाडीलाच काही सांगायचंय. हाक तर तिनं मारली." मग मागच्या काचेकडं बघून म्हणाल्या, "बोला साहेब, ऐकतेय मी."

काच खाली आली नाही. थोड्या वेळानं गाडीच मातीत उतरली आणि धूळ उडवत मॅडमना वळसा घालून पुढं गेली. आम्ही पोरं लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून बघत होतो. मॅडमनी नाकाला रुमाल लावला आणि आमच्याकडं न बघता म्हणाल्या, "छी. गाडी नवीन, अक्कल सेकंडहँड."

विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही. नाव आलं की मुद्दा बाजूला राहतो आणि बदनामीवर चर्चा सुरू होते. संभाजीनगरची छावणी मागं टाकून पुढं गेलात की मोकळ्या माळावर ते लागतं, एवढं पुरे. गेट रस्त्यालगत आणि भूगोल विभाग पार आतल्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी. झुबेदा कादरी त्या विभागात शिकवत. शहरांची वाहतूक हा त्यांचा विषय. राहायच्या छावणीतच. यायच्या सिटी बसनं, आणि बस चुकली तर चालत. सहकाऱ्यांनी गाडी थांबवून "या मॅडम, सोडतो" म्हटलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "नक्को. तुमच्या गाडीत अत्तराचा वास येतो."

त्या प्रेमळ होत्या, असं मी लिहिणार नाही. प्रेमळपणाची त्यांना ॲलर्जी असावी. त्यांची कायमची भावना म्हणजे किळस. वर्गाच्या खिडकीखाली कुणी मोटरसायकलला किक मारली तर त्या शिकवणं थांबवून त्याला वर बोलावत आणि सगळ्यांसमोर विचारत, "बेटा, घरी आई तुझ्या कानाशी असा आवाज करते का?" पोरगं रडकुंडीला येई. हे अन्याय्य होतं. पण पुढं महिनाभर खिडकीखाली गाडी लागत नसे, हेही खरं.

माझं घर पत्रकांवर वाढलेलं. आजोबा पत्रकं काढत, आईनंही काढली. मी मराठी विभागात शिकत होतो आणि विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहीत होतो. एकदा मोठ्या अभिमानानं त्यांच्या हातात एक ठेवलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं.

"किती ही उद्गारचिन्हं! जागोजागी खांब रोवलेत तू. माणसानं वाचत पुढं जायचं कुठून?"

तेव्हापासून मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसू लागलो. माझा तो विषय नव्हता. पण असं बोलणारं माणूस दुसऱ्या कुठल्या वर्गात नव्हतं.

त्यांची शिकवण्याची एक रीत सांगतो. नव्या वर्गाचं पहिलं प्रात्यक्षिक त्या ऐन दुपारी गेटवर घेत. प्रत्येकानं दप्तर, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन गेटपासून विभागापर्यंत चालायचं. बोलायला परवानगी, कुरकुरायलाही परवानगी. छत्रीला मात्र नाही. विभागात पोचलं की घामेजलेल्या हातात कागद द्यायचा. "रस्ता काढा. आणि जिथं जिथं थांबावंसं वाटलं तिथं टिंब द्या."

सगळ्यांची टिंबं जवळपास त्याच जागी पडत. वसतिगृहाच्या नळापाशी एक झुबका. बाकी सगळी कडुलिंबाच्या झाडांखाली. त्या रस्त्याला एका बाजूनं जुनी लिंबं होती.

"हा तुमचा रस्ता," टिंबांवर बोट ठेवत मॅडम म्हणत. "उरलेलं नुसतं डांबर आहे. आणि एक ध्यानात ठेवा, ज्याला सावली लागत नाही त्यानं रस्ता आखायला बसू नये."

त्यांच्या वर्गात लासूर स्टेशन गावची संगीता होती. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. बारीक अंगाची, मोठ्या आवाजाची. एकदा मॅडमनी विचारलं, "वाहतूक म्हणजे काय?" ही म्हणाली, "घरातून निघून घरी परत पोचणं, मॅडम. अर्ध्यात सोडलं तर ती वाहतूक नाय." मॅडम कुणाला शाबासकी देत नसत. त्यांनी खडू उचलून ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि तासभर पुसलं नाही.

संगीतासाठी हे पुस्तकातलं नव्हतं. सकाळी पॅसेंजरनं संभाजीनगरला उतरायचं आणि स्टेशनवरून सिटी बस पकडायची. ही बस विद्यापीठात शिरून थेट टाकीपर्यंत येई. संध्याकाळी प्रात्यक्षिक संपलं की विभागाच्या दारातून तीच बस धरायची, म्हणजे लासूरकडची गाडी बरोबर सापडायची. घरी भावाची अट होती: दिवेलागणीला घरात. बस दारात येत होती म्हणून अट पाळली जात होती, आणि अट पाळली जात होती म्हणून शिक्षण चालू होतं. कन्नड, गंगापूर, खुलताबादकडच्या कितीतरी पोरींचं गणित हेच होतं. ते गणित कुणी कागदावर मांडलेलं नव्हतं, कारण ज्यांना ते रोज सोडवावं लागत होतं त्यांना कुणी कधी विचारलंच नाही.

मग आमच्या विद्यापीठाला पर्यावरणाचा उमाळा आला. 'शाश्वत वाहतूक आराखडा समिती' स्थापन झाली. अध्यक्ष झाले एक वरिष्ठ अधिकारी. आम्ही त्यांना अध्यक्षसाहेबच म्हणत असू, कारण जिथं समिती असेल तिथं तेच अध्यक्ष असत. भूगोलाच्या म्हणून मॅडमना घ्यावंच लागलं. विद्यार्थ्यांचा निरीक्षक म्हणून मला मागची खुर्ची मिळाली. निरीक्षकानं बघायचं, बोलायचं नाही.

पहिल्या बैठकीत वाहतुकीवर एक शब्द झाला नाही. सत्कार झाले. अध्यक्षांनी सदस्यांचा केला, सदस्यांनी अध्यक्षांचा. मॅडमच्या अंगावर शाल घालायला माणूस पुढं आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाहेर ऊन बघा आणि हातात काय आहे ते बघा." माणूस शाल घेऊन मागं सरकला. अध्यक्षसाहेब हसले. त्यांना सगळ्यावर हसता येई, हीच त्यांची ताकद होती.

पुढं सायकली आल्या. फुगे लावलेल्या, कोऱ्या. उद्घाटनाला अधिकारी मुख्य इमारतीपासून गेटपर्यंत सायकल चालवत गेले आणि त्यांच्या रिकाम्या गाड्या, एसी चालू ठेवून, मागोमाग हळूहळू गेल्या. गेटवर फोटो निघाले. मग सगळे आपापल्या गाडीत बसून परत आले आणि सायकली टेम्पोत घालून आणल्या. मी हे बनवून सांगत नाही. टेम्पोतून उतरवताना एका सायकलीचा फुगा फुटला, तेव्हा मॅडम बाजूलाच उभ्या होत्या.

"वरात छान झाली," त्या म्हणाल्या. "नवरी कुठंय?"

त्या सायकलींना साखळ्या लागल्या, त्या आजतागायत आहेत. चावी संपदा विभागात, म्हणजे इस्टेट ऑफिसात, आणि संपदा विभागाचा माणूस नेहमी जेवायला गेलेला. उन्हात टायर तडकले. सायकल-मार्गासाठी मात्र रस्ता रुंद केला आणि त्यासाठी लिंबं तोडली. झाडं गेली त्या जागेवर हिरवा रंग फासला. उन्हाळ्यात तो रंग पातळ होऊन चपलेला चिकटतो. हिरव्या परिसराचा एवढाच अंश आमच्या वाट्याला आला, तळव्याखाली. लिंबं पडली त्या दिवशी मॅडमनी वर्ग घेतला नाही. कापलेल्या बुंध्यांपाशी उभ्या राहिल्या आणि करवत चालवणाऱ्या माणसाला म्हणाल्या, "तू पाणी पी रे बाबा, तुझं काही नाही. ज्यांनी सांगितलं त्यांना मळमळ व्हायला पाहिजे, आणि होतेय मला."

आता मुख्य बैठकीवर येतो.

पुण्याहून सल्लागार आला होता. तरुण, नम्र, चांगल्या बुटातला. त्यानं पडद्यावर एक गोल दाखवला. विद्यापीठात लोक कशानं येतात त्याचं सर्वेक्षण. गोलाचे दोनच तुकडे: मोटरसायकल आणि कार. बस नाही. पायी नाही.

"म्हणजे बसनं कुणीच येत नाही?" अध्यक्षसाहेबांनी विचारलं.

"सर्वेक्षणात तरी कुणी आढळलं नाही, सर."

"मग ती बस आत आणून धूर कशाला करायचा? गेटवरच थांबवू. आतला परिसर वाहनमुक्त!" मग जरा विचार करून, "अर्थात आपल्या स्टिकरवाल्या गाड्या सोडून."

मॅडमनी चष्मा पुसायला घेतला. "सर्वेक्षण कुठं केलंत तुम्ही?"

"पार्किंगमध्ये, मॅडम," तो सरळ मनानं म्हणाला. "तिथं शेड आहे. आणि लोक थांबतात, त्यामुळं प्रश्न विचारता येतात."

मॅडम सोडून खोलीत कुणालाच यात काही वावगं दिसलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. त्या टेबलाभोवती बसलेला बाकीचा प्रत्येक माणूस पार्किंगमधून वर आला होता. त्यांच्या मते माणसं तिथूनच येतात.

"उद्या दवाखान्याच्या रांगेत जाऊन विचारा," मॅडम म्हणाल्या, "गावात धडधाकट कोण आहे ते. एकही सापडणार नाही. मग सगळ्या गावाला सलाईन लावा."

सगळे हसले. अध्यक्षसाहेब सगळ्यांत जास्त हसले. "मॅडमचा विनोद म्हणजे... बरं, पुढचा विषय घेऊ." शिपायानं काजूची बशी मॅडमपुढं सरकवली.

त्या हसण्यानं सगळं बिघडलं. मॅडम उठल्या. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. "शिसारी येते मला तुमची," त्या स्पष्ट म्हणाल्या. "इथं बसणं म्हणजे त्यात भागीदार होणं आहे. मी चालले." रुमाल नाकाला लावून त्या दारातून गेल्या. मागच्या खुर्चीवर माझी छाती फुगली. असं उठावं, असंच उठावं, असं वाटलं मला.

दार लागलं. अध्यक्षसाहेबांनी घड्याळ बघितलं, टेबलावरून नजर फिरवली आणि लिहिणाऱ्या लिपिकाला म्हणाले, "लिहा. बस गेटवर थांबवण्याचा ठराव उपस्थितांत सर्वानुमते मंजूर."

विरोध करणारं एकच माणूस होतं, आणि ते जिना उतरत होतं.

खाली जाऊन मी मॅडमना सांगितलं. त्या बसथांब्याच्या कट्ट्यावर बसल्या. बस आली, त्यांच्यासमोर उभी राहिली, गेली. त्या चढल्याच नाहीत.

"सर्वानुमते," शेवटी म्हणाल्या. "माझ्या पायांनी दिलं मी त्यांना ते."

बस गेटवर थांबू लागली. आतून गेटपर्यंत सावलीशिवाय चालत जायचं, म्हणजे संध्याकाळची बस चुकायची आणि बस चुकली की लासूरची गाडी चुकायची. पुढची गाडी अंधारात. गेटवर काळ्या काचांच्या जीपा थांबू लागल्या, "सोडतो ना ताई" म्हणणाऱ्या. संगीता थोडे दिवस प्रात्यक्षिकं अर्धी टाकून पळत जायची. मग यायची बंद झाली.

मॅडम मला म्हणाल्या, "तुझी आत्या लासूरला आहे ना? चल, घर दाखव." पॅसेंजरनं गेलो. संगीताचं घर बाजार समितीच्या मागं, दोन खोल्यांचं. अंगणात कांदे पसरलेले. भाऊ हमालीवरून नुकताच आला होता. त्यानं मॅडमना खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. मॅडम चहाआधीच बोलल्या.

"मी माफी मागायला आलेय. बस बंद झाली ती माझ्यामुळं. मी बैठकीतून उठून गेले."

भाऊ गोंधळला. "तुमच्यामुळं कशी, मॅडम? बस तर सायबांनी बंद केली. तुम्ही तर भांडल्या म्हणं."

"भांडले नाही. रुसले. भांडायला बसावं लागतं."

"आता काय बोलू मी," तो म्हणाला. "बस दारात येत व्हती तवर माझं काय म्हणणं नव्हतं. मी काय दुश्मन हाय का तिचा? पन अंधारात त्या जीपवाल्यांत पोरीला सोडू का? तुम्हीच सांगा."

मॅडमनी चष्मा काढला आणि न पुसताच परत चढवला. आतून संगीता चहा घेऊन आली. नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "मॅडम, माझं नाव काढू नका हजेरीतून. बस आत आली की दुसऱ्या दिवशी मी हाय वर्गात. दादा, हाय ना?"

"बस आली तर हाय," भाऊ म्हणाला. "माझं कुठं नाय?"

"किती दिवस थांबता येईल?" मॅडमनी विचारलं.

"प्रात्यक्षिक परीक्षेपर्यंत," ती म्हणाली. "ती चुकली की वर्ष गेलं. वर्ष गेलं की मग दादा थांबला तरी मामा थांबायचा नाय. त्याच्याकडं स्थळ तयार हाय."

परतीच्या गाडीत, छावणीच्या अलीकडं मॅडम म्हणाल्या, "मला वाटायचं माझी किळस म्हणजे माझी इभ्रत आहे. त्या लोकांच्या ती फार सोयीची निघाली रे. मी उठले की त्यांचं काम सोपं होतं."

त्यानंतर त्या एकाही बैठकीतून उठल्या नाहीत. तुम्ही त्यांना ओळखत असता तर याची किंमत तुम्हाला कळली असती. बंद खोली, एसीचा कुबट वास, गुच्छांतली सडकी फुलं, "आपल्या कुशल नेतृत्वाखाली" हे शब्द, सगळ्यांनी त्यांना खरोखर उलटीसारखं होई. चेहरा पिवळा पडे. तरी त्या बसून राहत. दर विषयानंतर त्यांचं एकच वाक्य: "बसचा विषय घ्या." अध्यक्षसाहेब हसत. मॅडमही आता हसत, आणि पुन्हा म्हणत, "बसचा विषय घ्या." अध्यक्षसाहेबांनी बैठका लांबवल्या, मॅडम बसल्या. जेवणाच्या वेळेला ठेवल्या, मॅडम बसल्या. ज्यांना त्या सदैव तुच्छतेनं बघत आल्या होत्या अशा दोन सदस्यांनी शेवटी कंटाळून त्यांची बाजू घेतली. "अहो, घ्या ना तो विषय एकदाचा. जेवण थंड होतंय." लोकशाही कधीकधी अशीही येते. मला त्याचीही शिसारी आली, पण मॅडमनी ती मदत घेतली, आणि विषय पुढच्या बैठकीच्या यादीत आला.

त्यांची शेवटची बैठक निवृत्तीच्या आठवड्यात झाली. अध्यक्षसाहेबांनी डाव टाकला. बैठक सुरू होताच उभे राहिले, मॅडमच्या सेवेचा गौरव केला आणि या खेपेला स्वतः पुढं येऊन शाल घातली. श्रीफळ दिलं. मॅडमनी सगळं घेतलं. आम्ही बघतच राहिलो.

"मॅडम, खाली गाडी उभी आहे," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "आज तुमचा दिवस. घरचे वाट बघत असतील. किरकोळ विषय आहेत, आम्ही उरकतो."

"गाडीला जाऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "बसचा विषय घ्या."

विषय घ्यावा लागला. सर्वेक्षण पुन्हा, या वेळी गेटवर करायचं, असं सल्लागारानंच खाली मान घालून सुचवलं. अध्यक्षसाहेबांनी ते मान्य केलं नाही आणि फेटाळताही आलं नाही, कारण 'सर्वानुमते' लिहायला लिपिकानं पेन उचललं की मॅडम म्हणत, "माझं मत नाही. लिहा तसं." शेवटी ठरलं की पुढच्या बैठकीत नागरिकांच्या सूचना आणि हरकती ऐकायच्या आणि मग निर्णय घ्यायचा. ती बैठक खुली असेल. मॅडम तेव्हा सदस्य नसतील. हे अध्यक्षसाहेबांना चांगलं ठाऊक होतं, म्हणून ते पुन्हा हसू शकले.

सगळे जेवायला गेले. मी दारात थांबलो. मॅडम तशाच बसल्या होत्या, भर उन्हाळ्यात खांद्यावर जाड शाल, मांडीवर नारळ, नाकाला रुमाल. शिपायानं एसी बंद केला, पडदे ओढले, आणि विचारलं, "मॅडम, कुलूप लावायचंय." त्या म्हणाल्या, "लाव की. पण आधी ठराव कुठवर लिहिलाय तो मला वाचून दाखव." शिपाई लिपिकाला शोधायला गेला. त्या वाट बघत बसल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. पुढच्या आठवड्यात त्या मुलीकडं हैदराबादला गेल्या.

ती खुली बैठक आता होणार आहे. तारीख गेटवरच्या फलकावर लागेल, बारीक अक्षरांत लागेल, म्हणून रोज बघा. परीक्षा अजून व्हायची आहे आणि संगीताचं नाव अजून हजेरीत आहे. तुम्ही छावणीत राहत असा, कन्नडहून येत असा, लासूरहून येत असा, किंवा कारनं फिरत असा, त्या दिवशी या. बसनं या, गेटवर उतरा आणि आत चालत या, म्हणजे काय बोलायचं ते कुणी सांगावं लागणार नाही. हॉलमध्ये खुर्ची धरा. ते हसतील, काजू देतील, तुमचा सत्कार करतील, तुम्हाला किळस येईल. येऊ द्या. लिपिकानं पेन उचललं की मोठ्यानं म्हणा, "माझं मत नाही, लिहा तसं." आणि बस आत सोडल्याचा ठराव वाचून दाखवेपर्यंत, कृपा करून, उठू नका.